एक्केचाळीस चिठ्ठ्या

मास्तरांना हात ओळखू यायचे. हस्तरेषा नव्हेत हं, लिहिणारे हात. कुणाचंही चार ओळींचं काही समोर आलं की ते चष्मा कपाळावर चढवायचे, कागद नाकापाशी न्यायचे आणि म्हणायचे, "हा बेकरीवाला. दुसरीत असताना पेन्सिल मुठीत धरायचा, अजून तस्साच धरतो." छत्तीस वर्षं त्यांनी एकाच शाळेत पहिली-दुसरीला शिकवलं होतं. त्या वस्तीत ज्याला ज्याला लिहिता येत होतं, त्याच्या बोटांना पहिल्यांदा मास्तरांनीच वळण लावलं होतं. लावलेलं वळण माणूस विसरतो, लावणारा विसरत नाही.

पण ही करामत त्यांनी बाहेर कधी मिरवली नाही. ती फक्त घरात, आणि तीही एकाच माणसापुढे. त्यांची मुलगी लहान होती तेव्हा संध्याकाळी जुनी पाकिटं, दुकानातल्या याद्या, दारावर लावलेल्या सूचना असं काहीबाही गोळा करून दोघं खेळत बसायची. "ओळख, कुणाचा हात?" सुरुवातीला ती दहातले दोन ओळखायची. दहा वर्षांची होईस्तोवर आठ ओळखायला लागली.

ती डावखुरी होती. डाव्या हातानं लिहिताना हात ओल्या अक्षरांवरून घासत पुढे जातो, त्यामुळे तिच्या करंगळीची कड सदा निळी आणि वहीचं पान सदा फरफटलेलं. वर्गातल्या पोरांनी तिचं नाव शाई पाडलं, आणि ते असं चिकटलं की खरं नाव फक्त दाखल्यावर उरलं. मुख्याध्यापकांनी मास्तरांना दोनदा बजावलं, "पोरीचा हात बदला." मास्तरांनी हात बदलला नाही, कागद बदलला. त्याचं डोकं उजवीकडे कलतं केलं आणि म्हणाले, "असा तिरका धर. हात ओळीच्या खाली ठेव. आता लिही." त्या दिवसापासून तिचं पान स्वच्छ झालं. नाव मात्र राहिलं.

तिच्या अक्षरावरून त्यांना तिचं सगळं कळायचं. ताप यायचा असला की आदल्या दिवशीच तिची ओळ उताराला लागे. रुसलेली असली की अक्षरं एकमेकांपासून फटकून बसत. वर्गात मास्तरांचा एकच कडक नियम होता. लिहिताना हाताचा आडोसा करायचा नाही. "चुकलं तर चुकू दे," ते म्हणायचे, "लपवायचं कशाला? लपवलेली चूक मला दुरुस्त करता येत नाही."

आता ही शाई बत्तीस वर्षांची होती. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना घड्या घालायची, तिथल्या बायकांची संघटना चालवायची आणि पक्षाच्या वॉर्डशाखेत बापाच्या शेजारी बसायची. म्हणजे पूर्वी बसायची. दोन वर्षांपासून शाखेत दोन बाजू पडल्या होत्या. वर्तमानपत्रवाले त्यांना मवाळ आणि पुरोगामी म्हणत. शाखेतली माणसं साधी, ती म्हणत सबुरीवाले आणि आत्तावाले. सबुरीवाले खिडकीकडच्या बाकांवर बसत, आत्तावाले दाराकडच्या. मास्तर खिडकीकडे बसायचे, शाई दाराकडे. मधल्या मोकळ्या जागेतून आधी चहाचे पेले इकडून तिकडे जायचे. हळूहळू दोन वेगळ्या किटल्या आल्या.

निवडणूक जाहीर झाली आणि भांडण एका वाक्यावर येऊन थांबलं. धुलाईखान्यातल्या बायका कंत्राटावर होत्या. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी नवीन म्हणून परत घ्यायचं, असं चौदा वर्षं चाललं होतं. आत्तावाल्यांना जाहीरनाम्यात लिहायचं होतं, 'कंत्राट बंद करू.' सबुरीवाल्यांनी लिहिलं होतं, 'कंत्राटाबाबत सर्वांशी बोलून मार्ग काढू.'

"चौदा वर्षं बोलतोच आहोत," शाई म्हणाली होती. "बोलून बोलून आमच्यातल्या तिघी निवृत्त झाल्या, त्याही नवीन म्हणूनच."

सबुरीवाल्यांचा म्होरक्या म्हणजे खिळेकाका. वस्तीत त्यांचा छोटा छापखाना होता. जन्मभर छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवले, म्हणून हे नाव. मास्तर त्यांना एकेरीत खिळ्या म्हणत, कारण दोघं लहानपणापासूनचे. एकदा शाळेतल्या संपात मास्तरांची नोकरी गेली होती. तेव्हा कुणी पत्रक छापायला तयार नव्हतं. खिळेकाकांनी ते छापलं आणि खाली स्वतःच्या छापखान्याचं नाव ठळक टाकलं. मास्तर परत कामावर लागले, खिळेकाकांची सरकारी कामं मात्र कायमची तुटली. शाई तेव्हा पाळण्यात होती. ती शाळेत जायला लागल्यावर खिळेकाका तिला मांडीवर घेऊन म्हणायचे, "खिळे आणि शाई! एकाशिवाय दुसऱ्याचा काय उपयोग?"

आणि आता वॉर्डाच्या एका जागेसाठी शाखेतून दोन नावं पुढे आली होती. खिळे आणि शाई.

रविवारी शाखेत मतदान होतं. शुक्रवारी जेवताना शाईनं बापाला विचारलं, "बाबा, तुमचं मत कुणाला?"

"मत गुप्त असतं," मास्तर म्हणाले आणि ताटात बघायला लागले.

"माझ्यापासून?"

"सगळ्यांपासून."

"बरं. मला नसलं तरी चालेल. पण मग तोंडावर सांगा. आपण भांडू."

"भांडायचं काय त्यात..."

आई आमटी वाढत होती. ती पक्षात नव्हती, त्यामुळे तिचं डोकं ठिकाणावर होतं. "अहो, एका घरात राहता, एका ताटलीतली चटणी खाता आणि चिठ्ठ्या टाकून बोलणार का एकमेकांशी? सांगून टाका की."

मास्तर भात कालवत राहिले. त्यांना वाटत होतं, की वॉर्डात दुकानदारांची मतं जास्त, तिथे 'बंद करू' म्हटलं की माणसं दचकतात. खिळ्या निवडून येईल, शाई पडेल, आणि पडली तर तिला ते सोसणार नाही. शिवाय खिळ्याचं हे शेवटचं. याआधी तीनदा तो शाखेतच हरला होता. हे सगळं त्यांना मुलीला समजावून सांगता आलं असतं. सहा वर्षांच्या पोराला हातचा समजावणारा माणूस तो. पण त्या दिवशी त्यांनी फक्त पाणी मागितलं.

रविवारी सकाळी शाखा नेहमीसारखी पहिलीच्या वर्गात भरली. छोट्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. एक्केचाळीस जण हजर होते. नाव संध्याकाळपर्यंत वर कळवायचं होतं.

शाखेची पद्धत जुनी होती. एकेकानं फळ्यामागे जायचं, तिथे टेबलावर एक दौत आणि एक टाक. सगळ्यांनी त्याच टाकानं लिहायचं, म्हणजे शाईच्या रंगावरून मत कळायला नको. चिठ्ठी खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकायची. मोजायचं काम मास्तरांचं, पहिल्यापासून. आणि एक रीत होती. दोन्ही उमेदवारांनी एकमेकांचं नाव लिहायचं. पहिल्या निवडणुकीत दोघा मित्रांनी संकोचून तसं केलं होतं, तेव्हापासून तो पायंडा पडला. दोन मतं एकमेकांना कापतात, कुणाचं बिघडत नाही, आणि माणूस स्वतःचं नाव स्वतः लिहिण्याच्या लाजेतून सुटतो.

"रीत ठाऊक आहे ना पोरी?" खिळेकाकांनी हसून विचारलं.

"ठाऊक आहे काका."

शाखेचा अध्यक्ष शिंपी होता. तो उठून म्हणाला, "मोजणी मास्तर करतील. एक उमेदवार त्यांची मुलगी आहे, कुणाची हरकत?"

"छे!" खिळेकाका म्हणाले. "मुलगी त्याची असली तरी शब्द मास्तरचा आहे."

खिडकीकडच्या बाकांनी माना डोलावल्या. तेवढ्यात दाराकडून शाई उभी राहिली.

"माझी आहे," ती म्हणाली. "बाबांना अक्षर ओळखू येतं."

कुणाला काही कळेना. शिंप्यानं विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे चिठ्ठी कुणाची आहे ते त्यांना कळतं. प्रत्येक वेळी, प्रत्येकाची. त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. पण मग ही मतं गुप्त नाहीत. धुलाईखान्यातल्या सहा जणी आज पहिल्यांदा मत देतायत. त्यांना हे माहीत असायला हवं."

सगळ्यांच्या माना मास्तरांकडे वळल्या. मग मागून बेकरीवाला घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मास्तर, म्हणजे गेल्या खेपेला मी..."

"त्यांना ठाऊक आहे," शाई म्हणाली.

"मेलो!"

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि म्हणूनच ते जास्त बोचलं. संध्याकाळच्या त्या खेळाबद्दल जगात फक्त दोघांना माहीत होतं, आता एक्केचाळिसांना झालं. ते उठले. "येतं मला ओळखू," ते म्हणाले. "पण ओळखलेलं मी तिथेच टाकून येतो." आणि खाली बसले.

छापील चिठ्ठ्या करायला वेळ नव्हता. बरीच बाचाबाची झाली. शेवटी शिंप्यानं तोडगा काढला, मास्तर मोजतील आणि शाई शेजारी उभी राहून प्रत्येक चिठ्ठी बघेल. दोन्ही बाजूंचा एकेक माणूस. झालं, सगळ्यांना पटलं.

मास्तरांची पाळी आली तेव्हा ते फळ्यामागे गेले, टाक उचलला, दौतीत बुडवला, आणि तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं. शाई प्रत्येक चिठ्ठी बघणार होती. आणि या वस्तीत त्यांच्याखेरीज हात ओळखणारं दुसरं माणूस कोण? त्यांनीच शिकवलेलं.

फळ्याच्या मागच्या बाजूला कुणा पोरानं खडूनं मांजर काढलं होतं. मास्तर त्या मांजराकडे बघत उभे राहिले. बाहेर कुणीतरी खाकरलं. मग त्यांनी टाक डाव्या हातात घेतला.

सत्तराव्या वर्षी माणूस पहिल्यांदा डाव्या हातानं लिहितो तेव्हा जसं व्हायचं तसंच झालं. अक्षरं लोंबकळली, थरथरली. कुणालाही वाटलं असतं, धुलाईखान्यातल्या एखाद्या नवशिकीनं लिहिलंय. मास्तरांनी चिठ्ठीची घडी घातली आणि खोक्यात टाकली. वर्गात परत येताना त्यांनी डावा हात खिशात ठेवला होता.

मोजणी सुरू झाली. मास्तर चिठ्ठी उघडत, शाईपुढे धरत आणि मोठ्यानं वाचत. शिंपी फळ्यावर रेघा ओढत होता. खिळे. शाई. शाई. खिळे. डोळ्यांपुढून हात जात होते, बेकरीवाल्याचा मुठीतला, शिंप्याचा टाके घातल्यासारखा. मास्तर ओळखत होते आणि तिथेच टाकत होते. शेजारी मुलीचा श्वास ऐकू येत होता. तीही ओळखत होती.

बारावी चिठ्ठी शाईची. स्वच्छ, उजवीकडे झुकलेली, एका दमात लिहिलेली. 'खिळे.' तिनं रीत पाळली होती.

एकोणतिसावी उघडली आणि मास्तरांनी ती नाकापाशी नेली. अक्षरं एकमेकांपासून मोजून सारख्या अंतरावर बसवलेली, जणू शिशात जुळवलेली. असं लिहिणारा जगात एकच होता. त्यानं लिहिलं होतं, 'खिळे.'

मास्तरांनी मान वर केली. खिळेकाका खिडकीबाहेर बघत होते.

"वाचा बाबा," शाई हळूच म्हणाली. तिनंही बघितलं होतं. त्या हातानं केलेल्या खुणा तिनं जाहीरनाम्याच्या कच्च्या प्रतींवर शेकड्यांनी पाहिल्या होत्या.

"खिळे," मास्तर म्हणाले. शिंप्यानं रेघ ओढली.

खोक्याच्या तळाशी शेवटच्या तीन उरल्या तेव्हा फळ्यावर एकोणीस आणि एकोणीस होते. एक निघाली शाईच्या नावाची. एक खिळेकाकांच्या नावाची. शेवटची मास्तरांनी उघडली, आणि ती त्यांच्या हातातच राहिली. नाव वाचता येत होतं. पण पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत निळा फराटा ओढला गेला होता, ओल्या शाईवरून तळहाताची कड घासत गेल्यासारखा.

शाईनं ती बघितली. शाखेत डावखुरी ती एकटीच. आणि तिची चिठ्ठी तर मघाशीच होऊन गेली होती.

नवशिकीचं थरथरतं अक्षर चाळीस घरांत सापडलं असतं. फराटा मात्र फक्त अशा माणसाचा, ज्याला डाव्या हाताची सवय नाही. आणि असा माणूस डाव्या हातानं लिहायला कशाला जाईल, लपायचं असल्याशिवाय? आणि इथे लपायचं कुणाला होतं, आणि कुणापासून?

मास्तर चिठ्ठी डोळ्यांपुढे धरून होते. शाईनं त्यांच्या बोटांतून चिठ्ठी अलगद काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचली, "खिळे."

एकवीस आणि वीस.

खिडकीकडच्या बाकांवर टाळ्या वाजल्या. मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं, खिळ्यानं रीत मोडली आहे. ती पाळली असती तर आकडे उलटे झाले असते. पण ते वाक्य बोललं की ओळखलेलं तिथेच टाकून येणारा मास्तर संपला. आणि बोलायचंच तर मग शेवटच्या चिठ्ठीबद्दलही बोलावं लागलं असतं. तीही एकच होती, तिनंही आकडे उलटलेच असते.

"मोजणी बरोबर आहे," शाई शिंप्याला म्हणाली. "लिहून घ्या."

खिळेकाका बाकांमधून वाट काढत आले. त्यांनी शाईच्या डोक्यावर हात ठेवला. "रीत पाळलीस ना पोरी?"

"पाळली काका," शाई म्हणाली.

त्यांचा हात जरा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेले.

मैदानाच्या कडेला मुलांसाठी बुटके नळ होते. शाई तिथे थांबली होती. मास्तर जवळ आले तसं ती म्हणाली, "हात दाखवा."

मास्तरांनी उजवा पुढे केला.

"दुसरा."

डाव्या करंगळीची कड मनगटापर्यंत निळी झाली होती. तिनं तो हात आपल्या हातात घेतला. तिचे हात सोड्यानं आणि गरम वाफेनं खरखरीत झालेले.

"खिळेकाकांचं सोडा," ती म्हणाली. "ती रीत होती, नियम नव्हता. आणि तुम्ही सबुरीवाले आहात, हे काय मला ठाऊक नव्हतं? उजव्या हातानं लिहिलं असतंत तर मी ती चिठ्ठी वाचली असती, घरी येऊन तुमच्याशी कडाकडा भांडले असते आणि जेवले असते."

"मला वाटलं, तुला लागेल."

"लागलं."

तिनं नळ सोडला. वाकून त्यांचा हात पाण्याखाली धरला आणि अंगठ्यानं निळी कड चोळायला लागली, जशी ते तिची चोळायचे. थोडी गेली, थोडी राहिली.

"कागद तिरका धरायचा असतो, बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत मला."

पुढचे तीन आठवडे शाईनं पक्षाचं काम केलं. 'सर्वांशी बोलून मार्ग काढू' छापलेली पत्रकं घेऊन ती धुलाईखान्यातल्या बायकांच्या दारोदार फिरली. बायका तिला पाणी द्यायच्या, पत्रक घ्यायच्या आणि दार लावून घ्यायच्या. मतदानाच्या दिवशी त्या घराबाहेरच पडल्या नाहीत. खिळेकाका पावणेतीनशे मतांनी पडले.

एका दुपारी ते मास्तरांकडे आले, उंबऱ्यापाशीच उभे राहिले. "तुला कळलं होतं ना?"

"मी फक्त मोजतो," मास्तर म्हणाले.

"तीनदा पाळली रे मी. तीनदा हरलो. म्हटलं, एकदा..." मास्तरांनी त्यांना आत बोलावलं. दोघं म्हातारे चहा पीत बसले. कुणी कुणाला दोष द्यावा, असं दोघांकडेही काही उरलं नव्हतं.

शाईनं धुलाईखान्याजवळ खोली घेतली. भांडून नाही. कामाला जवळ पडतं, म्हणाली. जाताना आईच्या गळ्यात पडली, बापाला वाकून नमस्कार केला, औषधं वेळेवर घ्या म्हणाली. सगळं रीतसर. आत्तावाल्यांनी वेगळी शाखा काढली, त्यांचा कारभार ती बघायला लागली. रविवारी येईन म्हणायची, काही रविवारी यायचीही. बापाशी हवापाण्याचं बोलायची.

मग एक पत्र आलं. आईनं पाकीट फोडलं आणि वाचून दाखवलं.

"आई, बाबा, मी बरी आहे. खोलीत सकाळचं ऊन येतं. संघटनेचं काम वाढलंय. या महिन्यात येणं जमेलसं वाटत नाही. काळजी करू नका. शाई."

"छान लिहिलंय की," आई म्हणाली. "बघा."

मास्तर कागद घेऊन खिडकीशी गेले. चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकापाशी नेला. पत्र टाइप केलेलं होतं. अक्षरं सगळी एका उंचीची, ओळी सगळ्या सरळ. कुठे उतार नाही, कुठे फट नाही. खाली नावसुद्धा टाइप केलेलं.

"काय म्हणते?" आईनं आतून विचारलं.

"बरी आहे म्हणते."

"मग झालं तर."

मास्तरांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तरी ते उजेडाकडे धरून तिच्यावर बोट फिरवत राहिले, कुठे करंगळीएवढा निळा डाग सापडतो का, ते बघत.